तारबाबांची तिसरी तार

पत्र्याच्या शेडमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. मागचे पुढच्यांच्या खांद्यांवर हनुवट्या टेकून उभे होते. ज्यांना खांदा मिळाला नाही ते खोक्यांवर चढले होते, एक जण तर चक्क बंद पडलेल्या ड्रिल मशीनवर. मधोमध लाकडी चौथऱ्यावर दोन हॉर्सपॉवरची मोटर होती, पट्टा काढलेली. तिच्यापुढे मांडी घालून तारबाबा बसले होते. त्यांच्या गळ्यात तांब्याच्या तारेची माळ होती, आणि ती तार कुठल्यातरी जळक्या मोटरीतून सोडवलेली आहे हे गल्लीत मोटरींचं वाइंडिंग, म्हणजे आतली तार, भरणाऱ्या ताईला दारातूनच ओळखू आलं.

"करा खटका वर!" तारबाबा म्हणाले.

चेल्याने खटका वर केला. मोटर गुणगुणू लागली, पण तिचा दांडा जागचा हलला नाही.

"ऐकलंत? रडतेय बिचारी! तीन तारांतली एक तुटली. दोन तारांवर कोण जगतं? विजेच्या ऑफिसात जा, ते म्हणतात सामान आलं नाही. अरे, हे सामान ऑफिसातनं येतच नाही. हे वरून येतं, वरून!" त्यांनी बोट वर केलं. दोनशे माणसांनी माना वर करून पत्रा पाहिला. पत्र्याला भोकं होती, बाकी काही नव्हतं.

मग तारबाबांनी एक पिवळं लांब फडकं काढलं. हे म्हणे अकरा पिढ्यांचं वस्त्र. मोटरीच्या पुलीभोवती त्याचे तीन वेढे दिले. "बांधलं हिचं दुःख," ते म्हणाले, "आता सोडतो!" ओठ पुटपुटले, हात झटक्यात मागे गेला, फडकं सर्रकन निघून आलं आणि मोटर फिरू लागली. आधी हळू, मग भराभर, मग अशी की पुलीवरची खूण दिसेना.

शेडमध्ये एकच गलका झाला. प्रेसवाल्या काकांनी तर चपला काढून हात जोडले. तीन आठवडे त्यांच्या प्रेसने एक पत्रा वाकवला नव्हता.

कारण सगळ्या गल्लीचंच घोडं अडलं होतं. कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरवरची तीनपैकी एक तार मेली होती. घरांतले दिवे जळत होते, पण लेथ, प्रेस, करवत, सगळी तीन तारांवर चालणारी यंत्रं नुसती गुणगुणत. तीन तारा आपापल्या वेळी एकामागून एक जोर लावतात, म्हणून मोटर फिरते. त्यातली एक गेली की उरलेल्या दोघी मिळून एकाच फेजचं, म्हणजे एकाच तालात जोर लावण्याचं, काम करतात. हे ताईला पाठ होतं. तिचे वडील याच गल्लीत मोटरी भरायचे. त्यांनी गल्लीतल्या प्रत्येकाला एक नियम घोटून घोटून शिकवला होता: मोटर न फिरता गुणगुणली की खटका पाड, क्षणभरही थांबू नकोस, नाहीतर वाइंडिंग जळतं. नियम सोन्यासारखा होता. गल्लीत तो कुणी मोडला नव्हता.

आणि आता हा माणूस गुणगुणती मोटर खुशाल चालू ठेवून तिला फिरवून दाखवत होता. ताईला उत्तर सुचेना. तेवीस वर्षं मोटरी भरणाऱ्या बाईला सुचू नये याचाच तिला जास्त राग आला. ती बोटांची कडकड करत दारातच उभी राहिली.

अकरा मिनिटांनी चेल्याने खटका पाडला. "देवीला विश्रांती!" तो माईकवर ओरडला.

"अहो, पण पट्टा कधी चढवायचा?" मागून कुणीतरी विचारलं. "नुसती मोटर फिरून माझा लेथ थोडाच फिरणार?"

"पट्टा म्हणजे बंधन," तारबाबा गोड हसले. "तो सातव्या बैठकीला. उद्या सहावी. आणि उद्या नुसती मोटर नाही, माणूसही! माणसातही तीन तारा असतात. श्वासाची, रक्ताची आणि शक्तीची. शक्तीची तार तुटली की माणूस पडतो, थरथरतो. डॉक्टर त्याला गोळ्या देऊन झोपवतात. मी जोडतो! उद्या याच गल्लीतल्या एका लेकीची तार जोडणार आहे. तिने पाच दिवस औषधाचा कण घेतलेला नाही. हे व्रत!"

गल्लीत फेफऱ्याच्या गोळ्या घेणारी लेक एकच होती, आणि ती ताईची सख्खी धाकटी बहीण होती.

ताई गर्दी कोपरांनी बाजूला सारत निघाली. धाकटीचं घर लेथच्या दुकानामागेच, एक खोली आणि स्वयंपाकघर. ताई आत शिरली तेव्हा धाकटी ओट्यापाशी भांडी पुसत होती. चेहरा ताजातवाना दिसत होता, तीच मोठी पंचाईत.

"गोळ्या बंद केल्यास?"

"ताई, आधी बस तरी."

"बसायला आले नाहीये मी. बंद केल्यास की नाही?"

"केल्या," धाकटी म्हणाली. "आणि बघ, हात थरथरत नाहीत माझे. सकाळी जाग येते. किती वर्षांनी मला सकाळ दिसतेय. त्या गोळ्यांनी मी दिवसभर पेंगते, ताई. लेथपाशी कुणी उभं राहू देत नाही. पोरं मला गोळीवाली म्हणतात. तुला काय जातंय घे म्हणायला?"

बहिणीचं म्हणणं खरं होतं. गोळ्यांनी तिला पेंग यायचीच. पण त्याच गोळ्यांवर ती चार वर्षं एकदाही पडली नव्हती, हेही तितकंच खरं होतं.

तेवढ्यात धाकटीचा नवरा शेडमधून आला. लेथवर काम करणारा साधा, कष्टाळू माणूस, पण भोळा इतका की कुणी काहीही सांगितलं तरी विश्वास ठेवील. त्याचे डोळे अजून मोटर पाहत होते.

"भाऊजी, आत्ताच्या आत्ता तिला डॉक्टरांकडे न्या," ताई म्हणाली.

"उद्याच्या दिवस थांबा की, ताई. तुम्ही स्वतः पाहिलंत ना? मेलेली मोटर उठली! तुम्हाला तरी जमलं असतं का ते?"

हा घाव वर्मी लागला. ताई तोंड उघडणार तोच मागे भांडं पडल्याचा आवाज झाला. धाकटी फरशीवर कोसळली होती. अंग ताठ झालं, मग झटके सुरू झाले. ताईने ओट्याखालचं स्टूल लाथेने दूर ढकललं, ओढणीची घडी बहिणीच्या डोक्याखाली सरकवली, नजर घड्याळावर ठेवली. झटके थांबताच तिला कुशीवर वळवलं. दीड मिनिट झालं होतं. ताईला ते दीड वर्षासारखं वाटलं.

आणि तिने वर पाहिलं तर भाऊजी हात जोडून उभे होते. घाबरलेले, पण डोळ्यांत आशा.

"बाबा म्हणालेच होते," ते पुटपुटले. "तार जुळताना अंग थरथरतं."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बहीण डोळे उघडत होती, म्हणून तिने ओठ घट्ट मिटले. धाकटीला भान आल्यावर तिचा घाम पुसला, तिला पलंगावर निजवलं. कपाळावर टेंगूळ आलं होतं. डॉक्टरांकडे चल म्हटलं तर तिने मान हलवली. "उद्या एकदाच जाऊ दे मला तिथे, ताई. नाही जमलं तर तू म्हणशील ते करीन."

"आणि उद्यापर्यंत पुन्हा पडलीस तर?"

धाकटीने तोंड भिंतीकडे वळवलं. "उकडतंय. पंखा लाव ना."

ताईने टेबलावरच्या जुन्या पंख्याचं बटण दाबलं. पंखा गुणगुणला आणि तसाच राहिला. ताईचं बोट आपोआप बटणाकडे गेलं, बंद करायला. वडिलांची शिकवण बोटांतच भिनलेली.

"अगं, बंद नको करू," धाकटी थकल्या आवाजात म्हणाली. "त्याला पेन्सिलीने जरा ढकल. मग फिरतो तो. महिनाभर असंच चाललंय."

ताईने जाळीतून पेन्सिल घालून पात्याला हलकासा धक्का दिला. पंखा फिरू लागला.

ती पेन्सिल हातात धरून तशीच उभी राहिली. शेकडो पंखे तिने दुरुस्त केले होते. पंख्यातला कपॅसिटर गेला की पंखा स्वतः सुरू होत नाही, हाताने ढकलला की चालतो, हे तिला काय, घराघरातल्या बाईमाणसाला ठाऊक होतं. एका फेजला सुरुवातीचा धक्का देता येत नाही. एकदा दिला की पुढे ती निभावून नेते. मग एका फेजवर अडकलेली मोठी मोटर तरी वेगळं काय करणार? पण मोटर गुणगुणली की गल्ली खटका पाडायची. धक्का देऊन पाहायला कुणी थांबलंच नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"भाऊजी, हिच्याजवळून हलू नका. चुलीपाशी एकटी जाऊ देऊ नका," असं बजावून ती धावतच आपल्या दुकानात गेली.

दुकानात तिने एक मोटर दोन तारांवर जोडली आणि पुलीभोवती कॉइल बांधायच्या सुती टेपचे तीन वेढे दिले. टोक मोकळं ठेवलं, म्हणजे ओढताच टेप सुटून येईल. खटका वर केला. मोटर गुणगुणली आणि ताईच्या हाताने खटका पाडला. पुन्हा वर केला. पुन्हा पाडला. तिसऱ्यांदाही तेच! तिला स्वतःचंच हसू आलं आणि रडूही आलं. शेवटी तिने खटका वर करून तो हात पाठीमागे धरला, दुसऱ्या हाताने टेप ओढली, आणि मोटर फिरली. मंत्र नाही, पिढ्या नाहीत. मग तिने टेप उलट्या बाजूने गुंडाळून ओढून पाहिली, आणि जे दिसलं त्याने तिचा जीव भांड्यात पडला.

पण रात्रभर तिचा डोळा लागला नाही, आणि सकाळी पायांना जणू भिंगरी लागली होती. दहा वाजता बैठक. साडेनऊलाच ती शेडच्या दारात फेऱ्या मारत होती.

गर्दी कालच्या दुप्पट होती. धाकटीला चौथऱ्याशेजारी खुर्चीवर बसवलं होतं, टेंगळावर हळद लावून. शेजारी भाऊजी उभे होते. आधी मोटर, मग माणूस, असा बेत होता. चेल्याने खटका वर केला, मोटर गुणगुणली, तारबाबांनी फडकं उचललं.

"बाबा, फडकं न लावता चालवा!" ताई पुढे होत म्हणाली.

सगळ्या माना ताईकडे वळल्या. मोटर तेवढी गुणगुणत होती.

"लेकी, शक्तीला वस्त्र लागतं," तारबाबा म्हणाले.

"मग कालच्या मंत्रांचं काय? ते नुसते तोंडी लावायला?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. तारबाबांच्या कपाळाला आठी पडली. "हे अकरा पिढ्यांचं वस्त्र आहे!"

"ही परवाच आणलीय," ताईने खिशातून टेपचं रीळ काढलं. "खटका पाडा आधी, जळेल मोटर." चेला तारबाबांकडे पाहत राहिला. तिने स्वतःच खटका पाडला, पुलीला टेप गुंडाळली आणि पुढच्या लोकांना मागे सारलं. "हात आणि ओढण्या लांब ठेवा. हं, आता करा वर!"

खटका वर प्रेसवाल्या काकांनी केला. मोटर गुणगुणली. ताईने टेप ओढली. मोटर फिरू लागली.

"बघा, बघा!" तारबाबा झटकन उभे राहिले. "माझ्या बैठकीत आली म्हणून हिच्याही हातात शक्ती उतरली!" माणूस हजरजबाबी होता, एवढं कबूल करायला हवं. दोन-चार जणांनी माना डोलावल्यासुद्धा.

"बरं," ताई म्हणाली. तिने मोटर थांबवली, टेप उलट्या बाजूने गुंडाळली आणि ओढली. मोटर उलटी फिरू लागली, तितक्याच जोरात. "आता सांगा, तुमची शक्ती सुलटी की उलटी? तिला एवढंही ठरवता येत नाही?"

शेडमध्ये हशा पिकला.

"काळी शक्ती!" तारबाबा ओरडले. "ही बाई उलटी विद्या चालवते! हिच्यापासून लांब व्हा!"

हसू थांबलं. मागची काही माणसं कुजबुजू लागली, कुणी तरी "आवरा हिला" म्हणालं. धाकटी खुर्चीच्या कडा घट्ट धरून बसली होती आणि तिचा चेहरा पांढरा पडत होता. वाद घालायला वेळ नव्हता.

"भाऊजी, तुम्ही या," ताई म्हणाली. "तुमच्याकडे तर काळी विद्या नाही ना? तुमच्याइतकी श्रद्धा इथे कुणाची आहे? घ्या टेप. मनात काहीही म्हणू नका. बायकोच्या कपाळाकडे बघा आणि ओढा."

भाऊजी पुढे आले. त्यांनी टेप ओढली आणि मोटर फिरली. ते स्वतःच्या हाताकडे बघत राहिले.

"मी काहीच म्हटलं नाही," ते म्हणाले. "ताई, मी मनातही काही म्हटलं नाही."

"म्हणायची गरजच नाही. सायकलचं पायडल सरळ वर असलं, तर त्यावर उभं राहिलात तरी ते फिरतं का? जरा पुढे ढकला, पुढे जातं. मागे ढकला, मागे जातं. एका फेजचा जोर तसाच आहे. जोर आहे, पण कुठे जायचं ते कळत नाही. कुणीतरी पहिला धक्का द्यायचा. घरचा पंखा पेन्सिलीने ढकलता ना? तेच! आपण मोटर गुणगुणली की बंद करायचो, म्हणून आपल्याला कळलं नाही. मलाही नाही कळलं. आणि पट्टा का काढलाय, माहितीये? काका, ती लाकडी फळी द्या."

तिने फळी फिरत्या पुलीवर दाबली. मोटर कण्हू लागली, मंदावली, गुणगुणत थांबली. ताईने लगेच खटका पाडला. "पूर्ण कामाचा भार आला की ही बसते आणि तापते. म्हणून अकरा मिनिटं, म्हणून विश्रांती. सातव्या बैठकीला बाबा इथे असते असं वाटतं कुणाला?"

भाऊजी तारबाबांकडे वळले. आवाज अगदी हळू होता.

"बाबा, मोटरीचं राहू द्या. हिच्या गोळ्यांचं काय? तुम्ही सांगितलंत म्हणून बंद केल्या. काल ही पडली."

तारबाबांनी चेल्याकडे पाहिलं. चेला माईकची वायर गुंडाळू लागला होता.

"गोळ्या?" तारबाबा म्हणाले. "मी कुठे म्हटलं गोळ्या बंद करा? तुझी श्रद्धा, तुझा निर्णय."

"काल माईकवर म्हणालात!" प्रेसवाले काका ओरडले. "कण घेतलेला नाही, हे व्रत, असं म्हणालात. दोनशे जणांनी ऐकलंय!"

"मला कानात सांगितलं होतं," धाकटी खुर्चीतून म्हणाली. "म्हणाले, एक गोळी घेतलीस तर नवरा मरेल."

भाऊजींनी हातातली टेप खाली टाकली. पुढे काय गोंधळ झाला, तारबाबांना कुणी दाराशी अडवलं, पोलिसांना कुणी फोन केला, हे पाहायला ते थांबले नाहीत. त्यांनी बायकोला उठवलं, दंडाला धरलं आणि सरळ दवाखान्याची वाट धरली. दुसऱ्या बाजूने ताईने तिला आधार दिला.

डॉक्टरीणबाईंनी टेंगूळ पाहिलं, डोळ्यांत बॅटरी टाकली, विचारलं, "किती दिवस बंद होत्या?"

"आज सहावा," भाऊजी म्हणाले. "तिने नाही, मी बंद करायला लावल्या."

"अशा एकदम बंद करायच्या नसतात. जिवावर बेततं. पेंग येते तर मला येऊन सांगायचं. डोस बदलता येतो, गोळी बदलता येते." बाईंनी चिठ्ठी लिहिली. "सांगितलं का नव्हतं कधी?"

"तुम्ही विचारलं नव्हतं," धाकटी म्हणाली. बाईंनी मान डोलावली.

बाहेर बाकावर बसल्यावर धाकटीला रडू फुटलं. "म्हणजे मी बरी होणारच नाही का, ताई?"

खोटं बोलणं सोपं होतं. तारबाबांनी तेच केलं असतं.

"मला माहीत नाही," ताई म्हणाली. "पण कशाने पडतेस आणि कशाने पडत नाहीस, एवढं माहीत आहे. तेवढ्यावर पुढचं बघू."

पुढे दोन दिवसांनी ताईने विजेच्या ऑफिसातल्या इंजिनियरला बोलावून गल्लीचं अडलेलं काम मार्गी लावलं. बाहेरून येणारी मेलेली तार आधी पूर्ण सोडवली, नाहीतर गल्लीत तयार होणारी वीज त्या तारेतून उलट वर जाऊन खांबावर चढलेल्या कामगाराच्या जिवाशी खेळ झाला असता. मग प्रेसवाल्या काकांची मोठी जुनी मोटर दोरीने सुरू करून रिकामीच फिरत ठेवली. अशी फिरती मोटर आपल्या तिसऱ्या टोकाला तिसऱ्या तारेसारखी वीज तयार करते. ती लहान यंत्रांना दिली आणि लेथ, ड्रिल पट्ट्यासकट एकेक करून चालू लागले. भार बेतानेच टाकायचा, तापतंय का ते हात लावून पाहत राहायचं. ट्रान्सफॉर्मर दुरुस्त होईपर्यंत गल्लीने तसेच दिवस काढले.

या कामाला कुणी हात जोडले नाहीत, कुणी चपला काढल्या नाहीत. ताईने कसं जोडलं ते ज्याने विचारलं त्याला उघडून दाखवलं. खरं काम आणि चमत्कार यांत हाच फरक असतो. खरं काम करणारा झाकण उघडतो. चमत्कार करणारा म्हणतो, लांब उभे राहा.

तारबाबा आज ना उद्या दुसऱ्या नावाने दुसऱ्या गल्लीत बसतील, पुढ्यात मोटर नसेल तर आणखी काही असेल. तिथेही एखादी लेक पेंग आणणाऱ्या गोळ्यांना कंटाळलेली असेल आणि तिचा नवरा मोटर बघून घरी येईल. वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरात कुणी बाबाच्या शब्दावर औषधाची डबी बंद करून ठेवली असेल, तर ती आज उघडा. आज डॉक्टरांकडे जा, त्यांना सगळं विचारा, त्यांनाही उत्तर द्यायला लावा. हात जोडायला उद्याचा दिवस आहे. त्यासाठी घरचं माणूस उद्या असायला हवं.